एम्बसी ऑफ द फ्री माइंड, ॲमस्टरडॅम: किमयेची पुस्तकं बघायला जावं का? जावं, पण थोडं वाचून जावं

आधी निकाल सांगून टाकतो, मग पाल्हाळ. ॲमस्टरडॅमला जाणार असाल आणि व्हॅन गॉग, राइक्स म्युझियम, बोटीची चक्कर वगैरे सगळं उरकून अर्धा दिवस हातात राहत असेल तर काइझर्सखराख्त 123 या पत्त्यावर जा. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच. आणि जाणार नसाल, म्हणजे आपल्यापैकी बहुतेक जण, तर यांच्या जुन्या पुस्तकांचा मोठा भाग स्कॅन करून ऑनलाइन टाकलाय, घरी बसून फुकट बघता येतो, त्याला मात्र पाचपैकी पाच.

हे नक्की आहे काय तर एक लायब्ररी आणि तिच्याभोवती उभं केलेलं छोटं म्युझियम. लायब्ररीचं नाव बिब्लिओथेका फिलॉसॉफिका हर्मेटिका. किमया (म्हणजे साध्या धातूचं सोनं करायची विद्या), फलज्योतिष, हर्मीसच्या नावावरचे ग्रंथ, ख्रिश्चन कबाला (ज्यू गूढविद्येचा ख्रिश्चन अवतार), रोझिक्रूशियन, याकोब ब्योमसारखे साक्षात्कारी, असं जे जे युरोपातल्या चर्चलाही नको होतं आणि नंतर विज्ञानवाल्यांनाही नको झालं ते सगळं इथे गोळा केलंय. या सगळ्याला विद्यापीठात वेस्टर्न इसोटेरिसिझम, म्हणजे पाश्चात्त्य गूढविद्या, म्हणतात आणि हो, त्यात रीतसर एम.ए., पीएच.डी. होते, याच शहरात होते.

माझा मावसभाऊ ॲमस्टेलवेनला राहतो, आयटीत आहे. त्याला म्हटलं इथे जायचंय तर म्हणाला, "दादा, तिथे जादूटोणा आहे का?" आता याला काय उत्तर देणार. म्हटलं जादूटोण्याचा इतिहास आहे, जादूटोणा नाही. तर म्हणे मग तिकीट कशाला काढायचं. पण आला सोबत, आणि खरं सांगायचं तर माझ्याआधी तोच रमला, कारण त्याला चित्रं आवडली.

मला या विषयाचा नाद लागला तो एका ऑनलाइन कोर्समुळे. नाव घेत नाही, पुण्यातलेच लोक आहेत, साडेसहा हजार रुपये, शेवटी सर्टिफिकेट. 'प्राचीन हर्मेटिक विद्या' असं काहीतरी. त्यात पहिल्याच सेशनला सांगितलं की हर्मीस ट्रिस्मेजिस्टस हा पिरॅमिडच्याही आधीचा ऋषी, मोझेसने त्याच्याकडूनच घेतलं, प्लेटोनेही त्याच्याकडूनच घेतलं. एका काकूंनी बिचाऱ्यांनी विचारलं की सर याला आधार काय, तर उत्तर आलं ताई तुमचा लेफ्ट ब्रेन फार ॲक्टिव्ह आहे. झालं. रिफंड नाही मिळाला, पण आधार काय हा काकूंचा प्रश्न डोक्यात बसला, आणि शोधता शोधता कळलं की या प्रश्नाचं उत्तर 1614 सालीच देऊन झालंय.

ही गोष्ट नीट सांगतो कारण या म्युझियमचा गाभा हीच आहे. साधारण 1460 च्या आसपास एक साधू मॅसिडोनियातून हर्मीसच्या नावावरचं एक ग्रीक हस्तलिखित फ्लॉरेन्सला घेऊन आला. तिथला सर्वेसर्वा कोझिमो दे मेदिची तेव्हा म्हातारा झालेला. त्याने पदरी मार्सिलियो फिचिनो नावाचा विद्वान ठेवलेला, त्याच्याकडे प्लेटोचं सगळं लॅटिनमध्ये आणायचं काम दिलेलं. हे हस्तलिखित आल्यावर कोझिमो म्हणाला प्लेटो ठेव बाजूला, आधी हे कर. का? तर हा हर्मीस प्लेटोपेक्षा कितीतरी जुना असं सगळेच धरून चालले होते, आणि मरायच्या आधी म्हाताऱ्याला मूळ झऱ्याचं पाणी प्यायचं होतं. फिचिनोने 1463 मध्ये काम पुरं केलं, 1464 ला कोझिमो गेला. 1471 ला त्रेव्हिझोत ते छापून निघालं आणि पुढची दीडशे वर्षं युरोपातले भलेभले विद्वान इजिप्तच्या या आदिगुरूच्या प्रेमात पडले. ती 1471 ची छापील प्रत या संग्रहात आहे.

मग आला इझाक काझोबाँ. ग्रीकचा पक्का जाणकार, श्रद्धेने प्रोटेस्टंट. त्याने 1614 मध्ये दाखवून दिलं की या ग्रंथांची ग्रीक भाषा जुनी नाहीच, शब्द उशिराचे आहेत, त्यात फिडियस या शिल्पकाराचा उल्लेख आहे, आता पिरॅमिडच्या आधीच्या ऋषीला इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला शिल्पकार कसा माहीत असणार? म्हणजे हे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतलं लिखाण. विषय संपला. निदान संपायला हवा होता. आणि मजा बघा, त्याच 1614 साली जर्मनीत कासेलला एक छोटी पत्रिका छापून निघाली, फामा फ्रातेर्निटाटिस, तिच्यात म्हटलं होतं की एका माणसाने, जो पुढे रोझेनक्रॉइट्स या नावाने ओळखला गेला, स्थापलेला एक गुप्त बंधुसंघ आहे (हेच ते रोझिक्रूशियन), त्यांच्याकडे पूर्वेकडून आणलेलं ज्ञान आहे आणि विद्वानांनो या आम्हाला सामील व्हा. पत्ता दिलेला नाही. लोक वेडे झाले, शेकड्याने उत्तरं छापली गेली, संघाला पत्रं लिहिली गेली, आणि संघ काही कोणाला सापडला नाही. म्हणजे एकाच साली एकीकडे एक गुरू खोटा ठरला आणि दुसरीकडे दुसरा जन्माला आला. मला तर हे वाचून हसूच आलं, माणसाची खोडच ती.

पण इथे थांबलो तर तो निव्वळ अंधश्रद्धा निर्मूलनाचा धडा झाला असता, आणि या विषयाचे प्राध्यापक लोक इथेच थांबत नाहीत हे मला आवडलं. काझोबाँने तारीख बरोबर लावली, पण म्हणून ग्रंथ कवडीमोलाचे ठरत नाहीत. पुढे 1945 मध्ये इजिप्तच्या नाग हम्मादीला मातीच्या रांजणात जी कॉप्टिक हस्तलिखितं सापडली त्यात हर्मीसचेही काही मजकूर निघाले, म्हणजे ग्रीक वेशातल्या या लिखाणाचे पाय इजिप्तच्या मातीत खरंच थोडेफार होते. खरं की खोटं एवढंच विचारून सोडून दिलं असतं तर हे हाती लागलं नसतं.

अभ्यासाचा इतिहास पटकन सांगतो, कंटाळा आला तर हा पॅरा उडवा. लंडनच्या वॉरबर्ग इन्स्टिट्यूटच्या फ्रान्सेस येट्स यांनी 1964 मध्ये जोर्दानो ब्रूनो या सोळाव्या शतकातल्या इटालियन तत्त्वज्ञावर पुस्तक लिहिलं आणि विज्ञानक्रांतीमागे या हर्मेटिक लोकांचाही हात होता असं मांडलं, त्यातलं बरंचसं नंतरच्यांनी खोडलं पण दार उघडलं ते बाईंनीच. पॅरिसला साठच्या दशकातच या विषयाचं अध्यासन निघालं, 1979 पासून तिथे आंत्वान फेव्र होते. त्यांनी एक कसोटी दिली: वरचं आणि खालचं जग एकमेकांत गुंतलेलं, निसर्ग जिवंत, कल्पनाशक्ती हे जाणून घ्यायचं साधन, आणि शेवटी माणसाचं आतून रूपांतर, या चार गोष्टी एकत्र दिसल्या की ते इसोटेरिक. कसोटी सुटसुटीत, पण ती रेनेसाँच्या मापाने शिवलेली, त्यामुळे मागच्या-पुढच्या काळाला घट्ट होते. मग 1999 मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठात एका देणगीदार बाईंच्या पैशातून केंद्र निघालं आणि वाउटर हानेग्राफ तिथे प्रोफेसर झाले. त्यांचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात या सगळ्या गोष्टींत एक समान धागा शोधत बसू नका, आधी प्रोटेस्टंटांनी आणि मग एन्लाइटन्मेंटवाल्यांनी, म्हणजे अठराव्या शतकातल्या बुद्धिवाद्यांनी, जे जे 'हे आपलं नाही' म्हणून घराबाहेर टाकलं त्याचा हा ढीग आहे, आणि कोणी काय टाकलं यावरून टाकणाऱ्याबद्दलच जास्त कळतं. मला हे पटतं. न्यूटनचंच घ्या ना. किमयेवर त्याने लाखो शब्द लिहून ठेवले आणि ते कागद पिढ्यान् पिढ्या पडून राहिले, शेवटी 1936 मध्ये लिलावात निघाले तेव्हा अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी बरेचसे विकत घेऊन वाचवले. न्यूटनचं गुरुत्वाकर्षण शाळेत, न्यूटनची भट्टी माळ्यावर.

आता घराकडे येऊ. इमारत 1622 ची आहे, हाउस मेट दे होफ्डन, म्हणजे डोक्यांचं घर. दर्शनी भिंतीवर सहा दगडी डोकी आहेत, अपोलो, सेरेस, मर्क्युरी, मिनर्व्हा, बॅकस आणि डायाना. स्थानिक दंतकथा अशी की घरात एकटी मोलकरीण असताना चोर शिरले आणि तिने एकेकाचं मुंडकं उडवलं, तीच ही डोकी. देव बिचारे भिंतीवर बसून चोर ठरले. नंतर हे घर दे गेर या शस्त्रांच्या व्यापाऱ्यांकडे आलं, त्यांनी कोमेनियसला, म्हणजे ज्याला आधुनिक शिक्षणाचा बाप म्हणतात त्याला, आश्रय दिला होता. ॲन फ्रँकचं घर इथून चालत पाच-सात मिनिटांवर, तिथे ही गर्दी असते, इथे शांतता. वेस्टरमार्क्टला ट्रामने उतरा आणि चालत या.

संग्रह उभा केला योस्ट रिटमन यांनी. यांचा धंदा काय? विमानात जेवणाबरोबर ते प्लास्टिकचे काटे-चमचे, ट्रे देतात ना, ते. त्या पैशातून त्यांनी किमयेची पुस्तकं घेतली आणि 1984 मध्ये लायब्ररी लोकांना खुली केली. 2010 च्या सुमाराला बँकेच्या कर्जापायी सगळंच धोक्यात आलं, लायब्ररी बंद पडली, होली ग्रेलच्या, म्हणजे येशूच्या पवित्र प्याल्याच्या, कथांचं चौदाव्या शतकातलं एक चित्रमय हस्तलिखित लंडनच्या लिलावात सुमारे 24 लाख पौंडांना गेलं. जगभरच्या अभ्यासकांनी आरडाओरडा केला. शेवटी निभावलं, आणि 2017 पासून लायब्ररी या घरात म्युझियमसकट नांदते आहे. स्कॅनिंगला डॅन ब्राउनने 2016 मध्ये 3 लाख युरो दिले. हो, तोच, दा विंची कोडवाला. ज्याच्या कादंबऱ्यांनी या विषयाची सगळ्यात जास्त खिचडी केली त्यानेच मूळ तांदूळ सगळ्यांना फुकट उपलब्ध करून दिला, आता यावर काय बोलणार, आभारच मानायचे.

आत गेल्यावर काय दिसतं? पुस्तकं आणि चित्रं. तलवारी, कवट्या, धूर, लाल दिवे असलं काही नाही, ते हवं असेल तर शहरात दुसरीकडे भरपूर आहे. आणि चित्रांसाठीच जायचं. सतराव्या शतकातली, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली ही चित्रं बघितली ना की कळतं हे लोक लिहिण्याइतकाच विचार चित्रातून करत होते. रॉबर्ट फ्लड या इंग्लिश डॉक्टरने 1617 च्या पुस्तकात सृष्टीच्या आधीचं काय ते दाखवायला पानावर चक्क एक काळा चौकोन छापलाय आणि चारही कडांना लॅटिनमध्ये लिहिलंय, 'आणि असंच अनंतापर्यंत'. झूम केलंत तर काळ्यात बारीक बारीक रेघा दिसतात, सपाट शाई नाहीये ती, कोरणाऱ्याने एकेक रेघ ओढून अंधार केलाय. भाऊ म्हणाला हे मॉडर्न आर्ट झालं की. चारशे वर्षं आधी.

खुनरथ या जर्मन किमयागाराचं गोल चित्र शोधा. डावीकडे तंबूत गुडघे टेकून प्रार्थना करणारा माणूस, उजवीकडे भट्टी आणि काचपात्रं, मध्ये टेबलावर वाद्यं, आणि मागच्या दारावर लॅटिनमध्ये 'झोपेतही जागा राहा'. देवघर, प्रयोगशाळा आणि गाण्याची बैठक एकाच खोलीत. याला तुम्ही शास्त्रज्ञ म्हणणार की भक्त?

आणि माझं सगळ्यात आवडतं, मिखाएल मायर या जर्मन डॉक्टरचं आटालांटा फुगियेन्स हे पुस्तक. पन्नास चित्रं, प्रत्येकाला एक श्लोक आणि एक तीन आवाजांचं गाणं, स्वरलिपीसकट, 1617-18 मध्ये. त्यातलं 42 वं चित्र बघा. रात्र आहे, चंद्रकोर आहे, पुढे एक बाई झपझप चालली आहे आणि मातीत तिची पावलं उमटलीत. मागून एक म्हातारा, एका हातात कंदील, दुसऱ्यात काठी, नाकावर चष्मा, वाकून ती पावलं बघत येतोय. वर लिहिलंय की किमया करणाऱ्याला निसर्ग हा वाटाड्या, तर्क ही काठी, अनुभव हा चष्मा आणि वाचन हा कंदील. म्हाताऱ्याची दाढी, चष्मा, वाऱ्याने मागे उडणारा बाईचा पदर, सगळं इतकं जिवंत आहे की मी तिथेच उभा राहिलो. यात कुठे आलं कोर्सवाल्यांचं व्हायब्रेशन? हा माणूस तर म्हणतोय बघ, वाच, विचार कर. फक्त ज्या गोष्टीमागे तो चाललाय ती सोनं करणारी परीस आहे एवढंच.

आता अर्धा स्टार. रिटमन स्वतः आधुनिक रोझिक्रूशियन पंथातले, श्रद्धावान माणूस, आईने ब्योमच्या पुस्तकाची जुनी प्रत दिली तिथून संग्रहाची गोडी लागली असं सांगतात. त्यामुळे या जागेचा स्वभाव दोन तोंडांचा आहे. एक पाय इतिहासात आणि एक पाय 'हे ज्ञान आजही तुम्हाला मुक्त करेल' मध्ये. नावच बघा ना, मुक्त मनाचा दूतावास. दूतावास म्हटल्यावर तो आपल्या देशाची बाजू मांडणारच. त्यात वाईट काही नाही, पंढरपूरला जाऊन विठोबाची मूर्ती कोणत्या काळातली ते का लिहिलेलं नाही म्हणून कोण भांडतं. पण मला काझोबाँची बाजू अजून ठसठशीत हवी होती. नवखा माणूस इथून 'हर्मीस नावाचा प्राचीन ऋषी' एवढंच घेऊन बाहेर पडू शकतो, आणि मग तो आमच्या पुण्यातल्या कोर्सवाल्यांच्या हातात सापडतो. म्हणून शीर्षकात म्हटलंय थोडं वाचून जा.

दुसरी गोष्ट, ही तक्रार म्हणण्यापेक्षा भूक आहे. या संग्रहाचा जीव पंधराव्या ते अठराव्या शतकातल्या युरोपात आहे, म्हणजे आपण यात नाही. पण गोष्ट पुढे नेली की आपण येतो, चांगलेच येतो. न्यूयॉर्कला 1875 मध्ये निघालेली थिऑसॉफिकल सोसायटी (सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच गूढ ज्ञान आहे असं मानणारी), तिचे संस्थापक मॅडम ब्लावट्स्की आणि कर्नल ऑलकॉट, हे लोक 16 फेब्रुवारी 1879 ला मुंबईत उतरले. चेन्नईतलं अड्यारचं मुख्यालय नंतरचं, 1882 अखेरचं. आधी गिरगाव. त्यांना बोलावणारे हरिश्चंद्र चिंतामण, मुंबईतले अगदी सुरुवातीचे व्यावसायिक फोटोग्राफर आणि तेव्हा इथल्या आर्य समाजाचे प्रमुख. जंगी स्वागत झालं, हार-तुरे झाले, आणि मग ऑलकॉट आठवणींत लिहितो की या यजमानांनी बिल हातात ठेवलं, घरभाडं, जेवण, दुरुस्ती, तारेचा खर्च, इतकंच काय स्वागतसमारंभाला आणलेल्या 300 खुर्च्यांचं भाडंसुद्धा. वाचून मी खुर्चीतच हसत बसलो. पूर्वेच्या ऋषींच्या शोधात आलेला माणूस आणि पहिला अनुभव खुर्च्यांचं भाडं! ऑलकॉटची बाजू आहे हे लक्षात ठेवून वाचायचं अर्थात. पुढे तुकाराम तात्या पडवळ, 'जातिभेद विवेकसार' लिहिणारे, हेही थिऑसॉफिस्ट झाले आणि मुंबईतून ग्रंथ छापायचा मोठा उद्योग त्यांनी केला. आता सांगा, हे वेस्टर्न कसं? गिरगावात बसून 'द थिऑसॉफिस्ट' मासिक निघतं ऑक्टोबर 1879 ला, इथले पंडित त्यात लिहितात, तिकडचे वाचतात. हल्ली या विषयातले तरुण अभ्यासक हेच म्हणायला लागलेत की ते 'वेस्टर्न' काढा पुढून. मराठीत यावर कोणी नीट बसून लिहिलं तर मी पहिला गिऱ्हाईक.

ऑनलाइनबद्दल दोन शब्द. पुस्तकं लॅटिन, जर्मन, डच, फ्रेंचमध्ये आहेत, त्यामुळे वाचायला बसाल तर फेफरं येईल. चित्रं बघायला बसा. मोबाइलवर नको, लॅपटॉपवर, नाहीतर त्या रेघा दिसत नाहीत. आणि मायरचं पुस्तक नुसतं बघू नका, अमेरिकेतल्या ब्राउन युनिव्हर्सिटीने 2020 मध्ये त्याची वेगळी डिजिटल आवृत्ती काढली आहे, फर्नेस अँड फ्यूग, तिच्यात इंग्रजी भाषांतर आहे, पन्नासच्या पन्नास गाणी गाऊन घेतली आहेत, स्वरलिपी पुढे सरकते आणि आवाज येतो. तीही फुकट. साडेसहा हजारांत मला एक सर्टिफिकेट मिळालं होतं, त्यावर माझं नाव चुकलंय.

कोणी जाऊ नये ते पण सांगतो. लहान मुलं असतील तर नको, कंटाळतील, त्यांना नेमो सायन्स म्युझियमला न्या. टॅरो रीडिंग होईल, ऑरा बघतील अशा आशेने जाणार असाल तर नको. आणि 'हे सगळं थोतांड' असं आधीच ठरवून जाणार असाल तरी नको, तिकिटाचे पैसे वाया. आयटीवाले भाऊ मात्र चालतात.

मुंबईत फ्रेंच ब्रिजला ब्लावट्स्की लॉज अजून आहे. तिथे जुनी मराठी थिऑसॉफीची पुस्तकं, विशेषतः तुकाराम तात्यांच्या काळातली, बघायला मिळतात का हे कोणाला माहीत असेल तर नक्की कळवा, पुढच्या वेळी मुंबईला आलो की जायचंय.